जुन्या ब्रिटिश विनोदी मालिका आज दाखवायच्या तर कशा? (मेजर, रंगी राम आणि ती इंग्रजीची शिकवणी)

रविवारचा_खेळ:
फिल्म क्लबात ७० च्या दशकातल्या ब्रिटिश विनोदी मालिकांवर ९० मिनिटांचा कार्यक्रम ठरलाय. डोक्यात तीन नावं आहेत: हॉटेलमालक बेसिलच्या 'फॉल्टी टॉवर्स'मधला 'द जर्मन्स' हा भाग, 'इट एन्ट हाफ हॉट मम'चा एक भाग आणि 'माइंड युवर लँग्वेज'चा एक. प्रेक्षक विशीपासून साठीपर्यंतचे. अडचणी तीन.

'द जर्मन्स'ची कापलेली प्रतही फिरते असं कळलं. ती ओळखायची कशी, आणि दाखवावी कुठली? 'इट एन्ट हाफ हॉट मम'मधला, गोऱ्या नटानं चेहरा रंगवून केलेला भारतीय नोकर आज पडद्यावर आणावा का? आणि चर्चेत "तेव्हा हे सगळ्यांना चालायचं" असं कोणीतरी म्हणणारच, तर ते कितपत खरं आहे?

मतं भरपूर वाचून झाली आहेत. माहिती हवी आहे.

सत्तर_एमएम:
आधी गणित. बीबीसीचा भाग साधारण ३० मिनिटांचा. आयटीव्ही या खासगी वाहिनीचा जाहिराती वगळून २५ च्या आसपास. तिन्ही मिळून ८५ झाली, मग चर्चेला उरली ५ मिनिटं. दोन पूर्ण भाग दाखवा आणि तिसऱ्याचा एखादा प्रसंग. तुकडेच तुकडे जोडून मात्र दाखवू नका. आक्षेपार्ह वाक्य आधीच्या दहा मिनिटांपासून तोडलं की ते नुसती शिवी उरतं, आणि मग त्यावर काहीही मत ठोकून देता येतं.

प्रतीबद्दल. 'द जर्मन्स' पहिल्यांदा लागला २४ ऑक्टोबर १९७५ ला, पहिल्या पर्वातला सहावा भाग. २०१३ च्या पुनःप्रक्षेपणात बीबीसीनं हॉटेलात मुक्काम ठोकून असलेल्या म्हाताऱ्या मेजरच्या तोंडची काही वाक्यं कापली. जून २०२० मध्ये यूकेटीव्ही या बीबीसीच्याच वाहिनी-समूहानं आपल्या सेवेवरून अख्खा भागच काढला आणि थोड्याच दिवसांत सूचना जोडून परत ठेवला. ओळखायची खूण सोपी: लॉबीत मेजर बेसिलला एक किस्सा सांगतो, एका बाईला लंडनच्या ओव्हल मैदानावर भारताची मॅच बघायला नेल्याचा. तो किस्सा शेवटपर्यंत असेल तर प्रत पूर्ण आहे.

या किश्श्याची घडण नीट बघा. ती बाई भारतीय खेळाडूंना सतत एका शब्दानं संबोधत होती, काळ्या लोकांसाठीची सगळ्यात घाणेरडी शिवी. मेजर म्हणतो, मी तिची चूक दुरुस्त केली: छे छे, तो शब्द वेस्ट इंडियन लोकांसाठी, हे तर 'वॉग' (हीही शिवीच, आशियाई लोकांसाठीची). म्हणजे मेजरला शिवीचं काहीच वाटत नाही, ती चुकीच्या माणसाला दिली गेली याचं वाटतं. व्याकरणाच्या मास्तरानं र्‍हस्व-दीर्घ सुधारावं तशी वंशद्वेषाची शुद्धलेखन-तपासणी. विनोद आहे तो या गंभीर नीटनेटकेपणात, आणि तो मेजरवरच उलटतो. बेसिल झालेला आणि मालिकेचा सहलेखक जॉन क्लीज, त्याचं म्हणणंही हेच होतं की मेजर हे जुन्या काळाचं जीवाश्म आहे, आम्ही त्याची टर उडवत होतो, बाजू घेत नव्हतो.

एवढं मान्य करूनही एक गोष्ट उरते. स्टुडिओतलं हसू नेमकं कशावर आलं, हे ध्वनिपट्टीवरून कळत नाही. दुरुस्तीवर आलं की शब्दावर? दोन्हींचा आवाज सारखाच. २०२४ मध्ये लंडनला अपोलो थिएटरात या मालिकेचं नाटक आलं, तेव्हा मेजरचे ते शब्द क्लीजनंच गाळले.

तुम्ही पूर्ण प्रत दाखवा. त्याच भागात हॉस्पिटलमध्ये कृष्णवर्णीय डॉक्टर समोर येतो आणि बेसिल दचकतो, तेही बघायला सांगा. तिथे शिवी नाही, नुसतं दचकणं आहे, आणि डॉक्टर शांतपणे आपलं काम करतो. कोणावर हसायचं याबद्दल तिथे तिळमात्र शंका राहत नाही.

अवांतर: डीव्हीडी घरी बघण्यासाठी विकलेली असते. सभागृहात दाखवायला हक्कधारकाची परवानगी लागते, पहिल्या दोनांसाठी बीबीसी, तिसऱ्यासाठी आयटीव्ही. ब्रिटिश डिस्क रिजन २ ची, भारतातले प्लेअर रिजन ५ चे. ऐनवेळी काळा पडदा दिसायला नको, आधी लावून बघा.

आगाऊ_कार्टं:
एवढा काथ्याकूट कशाला? तेव्हा लोक मोकळेपणानं हसायचे, हल्ली सगळे हळवे झालेत. इतकंच.

कात्रणवही:
"तेव्हा" म्हणजे नक्की कधी?

'ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' बीबीसीवर १९५८ ते १९७८ चालला, गोरे गायक तोंडाला काळं फासून गायचे. तो बंद करा म्हणून वंशभेदविरोधी संघटनेनं बीबीसीकडे अर्ज दिला तो १९६७ साली. अर्जानंतरही कार्यक्रम अकरा वर्षं चालला. म्हणजे आक्षेप होता, त्याला वजन नव्हतं.

'करी अँड चिप्स' घ्या. आयटीव्हीवरची लंडन वीकेंड टेलिव्हिजन ही कंपनी, १९६९. लेखक जॉनी स्पाइट, कारखान्यातली गोष्ट, आणि स्पाइक मिलिगन चेहरा रंगवून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार झालेला. सहा भागांत मालिका गुंडाळावी लागली, कारण आयटीव्हीवर देखरेख करणाऱ्या संस्थेनंच ती थांबवायला लावली. १९७५ साली मिलिगनच्या 'द मेल्टिंग पॉट'चा एक भाग बीबीसीनं दाखवला आणि पुढचे कपाटात ठेवले. हळवेपणा हल्लीचा म्हणणाऱ्यांनी ही सालं पाठ करावीत. (हा मिलिगन जन्मानं नगरचा बरं का, १९१८ चा, आणि बालपणाचा काही काळ पुण्यात गेलेला. तपकिरी रंगाखालच्या माणसाला हिंदुस्थान ऐकून माहीत नव्हता, चांगला बघून माहीत होता. त्यानं गोष्ट सोपी होत नाही, उलट अवघड होते.)

पुढचा टप्पा १९७९ चा. लंडनच्या सोहो भागात कॉमेडी स्टोअर सुरू झालं आणि नव्या विनोदवीरांनी वर्णावरून, बायकांवरून केलेले विनोद टाकून दिले. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, थेम्स टेलिव्हिजननं बेनी हिलचा, बायकांवरच्या विनोदांसाठी गाजलेला कार्यक्रम बंद केला. यातलं काहीही इंटरनेट यायच्या आधीचं.

जून २०२० ला एवढंच झालं की अमेरिकेत पोलिसांच्या हातून झालेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर सगळ्या वाहिन्या एका आठवड्यात जाग्या झाल्या. चेहरा रंगवलेली पात्रं असलेली 'लिटल ब्रिटन' ही विनोदी मालिका नेटफ्लिक्स, आयप्लेअर (बीबीसीची ऑनलाइन सेवा) आणि ब्रिटबॉक्स तिन्हीकडून गेली. ती काही सत्तरच्या दशकातली नव्हे, २००३ ची. आयप्लेअरवर २०२२ मध्ये काही प्रसंग वगळून परत आली. घाईत केलेली कापाकापी बहुतेक वेळा अशीच असते. आधी सगळं काढायचं, मग मागच्या दारानं परत आणायचं, आणि विचार कुठेच नाही.

देवळाली_कॅम्प:
'इट एन्ट हाफ हॉट मम'बद्दल. मालिका १९७४ ते १९८१, आठ पर्व, ५६ भाग, लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. स्थळ आपलं नाशिकजवळचं देवळाली: दुसऱ्या महायुद्धाचा शेवट, आणि सैनिकांची करमणूक करणारी तोफखान्याची नाटकमंडळी. पेरी स्वतः तिथे अशाच मंडळीत होता, त्यामुळे तपशील ऐकीव नाहीत. पुढच्या पर्वांत मंडळी ब्रह्मदेशात जाते. चित्रीकरण मात्र सगळं इंग्लंडात.

प्रेक्षकांना सुरुवातीला हे सांगा, मराठी माणसाला लगेच पटेल: वेडसर माणसाला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणतात तो शब्द देवळालीचाच. मायदेशी नेणारी जहाजं ठरावीक हंगामातच सुटत, तोवर सैनिक इथल्या छावणीत महिनोन्‌महिने कुजत आणि भ्रमिष्ट व्हायला लागत. मूळ शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

आता रंगी राम. हा साहेबांचा बेअरर, "आम्ही ब्रिटिश" असं अभिमानानं म्हणणारा. नट मायकेल बेट्स, जन्म झाशीचा, लहानपणापासून हिंदुस्थानी बोलणारा. चेहऱ्यावर गडद रंग. मालिकेत थेट कॅमेऱ्याकडे बघून प्रेक्षकांशी बोलायचा हक्क रंगी रामला आहे. गोरे अधिकारी बावळट, सार्जंट मेजर विल्यम्स नुसता ओरडणारा, आणि सगळ्यांना ओळखून असलेला हा एकटा. म्हणजे लेखकांनी भारतीय पात्राला शहाणपण दिलं, पण ते शहाणपण भारतीय नटाच्या हाती दिलं नाही. चहावाला झालेला दिनो शफीक ढाक्याचा आणि पंखा ओढणारा बार्बर भट्टी, हे दोघे त्याच दृश्यात शेजारी उभे. खऱ्या तपकिरी चेहऱ्याशेजारी रंगवलेला चेहरा, एकाच चौकटीत. हे बघितल्यावर वेगळं भाषण लागत नाही. म्हणून माझं मत, दाखवा, पण तिघे एकत्र असलेला प्रसंग दाखवा.

भाग निवडताना पहिल्या पाच पर्वांतला घ्या. बेट्स जानेवारी १९७८ मध्ये वारला, नंतर रंगी राम नाही. आणि एक सावधगिरी: सगळं लक्ष रंगाकडे जातं आणि विल्यम्सची भाषा निसटते. नाटकात बाईची सोंगं घेणाऱ्या पोरांना तो दर दोन मिनिटांनी 'बायल्या' या अर्थाच्या शिव्या घालतो. पेरीची बाजू अशी की सैन्यात तेव्हा असंच बोलत. खरंच बोलत असतील, पण प्रेक्षकात बसलेल्या विशीतल्या मुलाला रंगी रामपेक्षा हेच जास्त बोचण्याची शक्यता आहे. सूचनेत दोन्ही घ्या.

फळा_आणि_खडू:
'माइंड युवर लँग्वेज'वर कोणी बोलत नाहीये, कारण आपल्याकडे ती सगळ्यांची लाडकी. लंडन वीकेंड टेलिव्हिजन, १९७७ ते ७९, तीन पर्वांत २९ भाग, लेखक व्हिन्स पॉवेल. परदेशी लोकांना संध्याकाळी इंग्रजी शिकवणारा मिस्टर ब्राउन. चांगली लोकप्रिय असताना वाहिनीच्या मायकेल ग्रेडनं ती बंद केली, कारण साचे अपमानास्पद वाटले.

हिच्यात शिवी जवळजवळ नाही, म्हणून लोकांना ती निरुपद्रवी वाटते. यंत्र उघडून बघा. प्रत्येक विद्यार्थ्याला एक देश, एक खोड आणि एक ठरलेलं वाक्य. रणजीत सिंग हात जोडून "हजारदा माफी" मागणार, जपानी टारो प्रत्येक शब्दाला 'ओ' लावणार, चिनी सू ली माओचं पुस्तक काढणार, जमिला विणत बसणार. अली आणि रणजीत एकमेकांना धर्मावरून टोचणार. २९ भागांत कोणी फारसं इंग्रजी शिकत नाही, कारण शिकलं तर विनोदच संपेल. वर्गातलं अज्ञान गोठवून ठेवणं ही मालिकेची गरज आहे. 'फॉल्टी टॉवर्स'मधल्या मॅन्युएल या स्पॅनिश वेटरचं इंग्रजीही कच्चंच, पण तिथे चिडचिड करून तोंडावर आपटतो बेसिल. इथे मास्तर समजूतदार, देखणा, आणि आपटतात फक्त विद्यार्थी.

आपण हसतो त्याचं एक कारण असं की आपण रणजीतवर हसताना टारोवरही हसतो, हिशेब फिटल्यासारखा वाटतो. हाच साचा १९९३ मध्ये 'जबान संभाल के'त आला, पंकज कपूर हिंदीचा मास्तर. देशांच्या जागी बहुतेक प्रांत आले, यंत्र तेच. आक्षेप घेताना हेही आठवावं.

सत्तर_एमएम:
वरच्या प्रतिसादाला जोडून. "सगळ्यांची सारखीच टर" हा बचाव पॉवेलच्याच 'लव्ह दाय नेबर'साठी (१९७२–७६) वापरला जायचा. गोरा एडी आणि काळा बिल शेजारी, दोघं एकमेकांना शिव्या देतात, आणि शेवटी बहुतेक वेळा एडीच तोंडघशी पडतो. कागदावर बरोबरी. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात एडीचे शब्द वापरायला सगळा वर्ग आणि ते ऐकायला एखादंच पोर. शिव्यांची संख्या सारखी असली म्हणून त्यांचं वजन सारखं होत नाही.

'टिल डेथ अस डू पार्ट'चा अॅल्फ गार्नेट हे मोठं उदाहरण. स्पाइटनं वंशद्वेष्ट्याची फजिती करायला तो लिहिला, वॉरन मिचेल या ज्यू नटानं केला. तिची अमेरिकन आवृत्ती 'ऑल इन द फॅमिली'. तिच्या प्रेक्षकांवर विडमर आणि रोकीच या अभ्यासकांनी १९७४ मध्ये पाहणी छापली: ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्ची बंकर (अॅल्फचा अमेरिकन अवतार) आवडायचा आणि त्याचंच म्हणणं बरोबर वाटायचं. उपहास त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. लेखकाचा हेतू शुद्ध होता हे सांगून हा मुद्दा मिटत नाही.

उलट बाजूला 'रायझिंग डॅम्प' (१९७४–७८). घरमालक रिग्जबी, भाडेकरू फिलिप, तो स्वतःला आफ्रिकी सरदाराचा मुलगा म्हणवतो. रिग्जबीची आफ्रिकेबद्दलची प्रत्येक खुळी कल्पना फिलिप गंभीर चेहऱ्यानं खरी ठरवून त्याला शेंडी लावतो. १९८० च्या चित्रपटात कळतं की पठ्ठ्या क्रॉयडनचा. ही अजूनही फारशी न कापता बघता येते, कारण विनोदाची सूत्रं फिलिपच्या हातात आहेत.

रविवारचा_खेळ:
उपयोग झाला. 'द जर्मन्स' पूर्ण, देवळालीचा एक भाग पूर्ण, आणि 'माइंड युवर लँग्वेज'मधली फक्त हजेरी असं ठरवतोय. सूचना नेमकी कशी द्यावी? "काहींच्या भावना दुखावू शकतात" असं लिहिलं तर चालेल?

कात्रणवही:
त्यातून काहीच कळत नाही. ब्रिटनचे प्रक्षेपण नियम संदर्भाचा निकष लावतात: आक्षेपार्ह मजकुराला संदर्भाचं समर्थन हवं, आणि संदर्भात वेळ, वाहिनी, आधी दिलेली माहिती सगळं येतं. रात्री ९ नंतर जे चालतं ते दुपारी चालत नाही. तुमच्याकडे वाहिनी नाही, निवेदक आहे, तर त्याच्याकडून नेमकं सांगून घ्या: "पहिल्या भागात काळ्या आणि भारतीय लोकांसाठीच्या दोन शिव्या एका पात्राच्या तोंडी आहेत. दुसऱ्यात गोऱ्या नटानं चेहरा रंगवला आहे आणि समलिंगी लोकांसाठीचे अपशब्द वारंवार येतात." २० सेकंद लागतात. ज्याला बाहेर चहा प्यायला जायचं तो जाईल.

मेजरचा विनोद मात्र आधी समजावून सांगू नका. लोकांना हसू द्या, किंवा न हसू द्या, आणि चर्चेत पहिला प्रश्न तोच विचारा: सभागृह नेमकं कुठल्या शब्दावर हसलं?

देवळाली_कॅम्प:
सबटायटल्स लावणार असाल तर आदल्या दिवशी तपासा. नेटवरून उतरवलेल्या फायलीत शिवीच्या जागी फुल्या असतात किंवा ओळच गायब. कानाला एक ऐकू येतं, डोळ्याला दुसरं दिसतं, आणि सगळे त्या फुल्यांवरच हसतात.