एस्सिटालोप्रॅमसोबत प्रोबायोटिक?

जिज्ञासू_क: नैराश्यासाठी एस्सिटालोप्रॅमची गोळी चालू आहे, ती सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनावर काम करते. शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं म्हणे. मग गोळीसोबत प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणूंचं पूरक) घेतलं तर गुण लवकर येतो का? की घरचं दही पुरे?

औषधशास्त्री: ते सेरोटोनिन मेंदूत पोचतच नाही. त्याचं काम आतड्याची हालचाल. गोळीचा परिणाम त्यावरही होतो, म्हणूनच ती सुरू केल्यावर पहिले एक-दोन आठवडे मळमळ, पातळ शौच. जेवणानंतर घ्या, बहुधा ओसरतं. तेवढ्यासाठी परस्पर बंद करू नका.

सूक्ष्मजीव: लंडनच्या किंग्ज कॉलेजची २०२३ची चाचणी बघा. गोळ्यांनी पुरता गुण न आलेले ४९ जण, १४ जिवाणू-वाणांचं प्रोबायोटिक, ८ आठवडे. प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) लक्षणं जास्त उतरली. पण चाचणी छोटी, आणि गोळ्या सगळ्यांच्या चालूच होत्या! दह्याचं विरजण घरोघरी वेगळं. खा खुशाल, औषध समजून नको.

औषधशास्त्री: उलटी बाजूही आहे. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅमच्याच गटातलं औषध, प्रयोगशाळेत काही जिवाणूंची वाढ रोखतं. त्यामुळे रुग्णाच्या जिवाणूंतला फरक आजाराचा की गोळीचा, हे सोडवणं किचकट. शौचाच्या महागड्या जिवाणू-तपासणीवरून गोळी निवडता येत नाही, पैसे वाचवा. प्रतिजैविकांत लिनेझोलिड लिहून दिलं, तर मात्र चालू गोळी आधी सांगा: दोन्ही मिळून सेरोटोनिन धोकादायक वाढतं. थरथर, घाम, ताप दिसला की थेट रुग्णालय.