केंब्रिजचे संगणक संग्रहालय: आजोबा आणि नातवंडे एकत्र रमतील का?

रेडिंगकर:
माझे सासरे सध्या साताऱ्याहून आमच्याकडे इंग्लंडला आले आहेत. मुलांच्या सुट्टीत सर्वांनी मिळून केंब्रिजचे ‘सेंटर फॉर कॉम्प्युटिंग हिस्टरी’ पाहावे, असा विचार आहे. सासरे गणिताचे शिक्षक होते. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, त्यातून त्यांच्या शाळेत बीबीसी मायक्रो हे संगणक आले आणि त्यांची जबाबदारी यांच्याकडेच होती. मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची. मुले व्हिडिओ गेमना चिकटतील आणि बाबा कुठेतरी खुर्चीवर ताटकळत बसतील, अशी मला धास्ती वाटते. ज्यांनी हे संग्रहालय पाहिले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

केमकाठ:
नक्की जा, आणि सुरुवात गेमपासून न करता बाबांपासून करा. तिथे १९८० च्या दशकातला शाळेचा संगणकवर्ग मांडलेला आहे, आणि त्यातले बीबीसी मायक्रो काचेआड न ठेवता हाताळायला दिलेले आहेत. यंत्र चालू केले की आधी जाड आणि मग बारीक असा दोन सुरांचा आवाज येतो, पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ ही ओळ उमटते, आणि पुढे काय करायचे हे यंत्र सांगत नाही. ते आपणच टाइप करायचे असते. बाबांना तिथे बसवा आणि मुलांना त्यांच्या दोन बाजूंना. आपले नाव पडद्यावर अखंड छापत राहणारा दोन ओळींचा प्रोग्रॅम त्यांनी नातीकडून लिहून घ्यावा.

मुलाला ‘एलिट’ची गोष्ट अवश्य सांगा. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल हे केंब्रिजचेच विद्यार्थी. त्यांनी १९८४ मध्ये याच यंत्रासाठी हा अंतराळातील व्यापाराचा गेम लिहिला. त्यात ८ आकाशगंगा आहेत आणि प्रत्येकीत २५६ ग्रह, पण यंत्राच्या ३२ केबी एवढ्याशा मेमरीमध्ये एवढी माहिती मावणार कशी? म्हणून त्यांनी ग्रह साठवलेच नाहीत. एका बीजसंख्येपासून ठरावीक आकडेमोड करून प्रत्येक ग्रहाचे नाव आणि स्थान दर वेळी नव्याने काढले जाते, आणि उत्तर दर वेळी तेच येते. गणिताच्या शिक्षकाने नातवाला समजावून सांगावे असे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दोन_लेकरांची_आई:
वरील सूचना मोठ्या मुलासाठी उत्तम आहे, परंतु ७ वर्षांचे मूल पडद्यासमोर फार वेळ टिकत नाही, हा माझा अनुभव आहे. तिला ‘मेगाप्रोसेसर’ दाखवा. जेम्स न्यूमन यांनी सुटे ट्रान्झिस्टर (विजेचा प्रवाह चालू-बंद करणारे छोटे भाग) जोडून बांधलेला हा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा आकडेमोड करणारा भाग, सुमारे १० मीटर लांब आणि २ मीटर उंच असून त्यावर १० हजारांहून अधिक दिवे आहेत. नखाएवढ्या चिपच्या आत जे दिसत नाही, ते इथे भिंतभर लुकलुकताना दिसते. त्याच्यावर टेट्रिस खेळता येतो, आणि तो खेळ दिव्यांच्याच पटलावर दिसतो. माझी लेक तिथून हलायला तयार नव्हती.

निघण्यापूर्वी संग्रहालय त्या दिवशी उघडे आहे ना, एवढे संकेतस्थळावर पाहून घ्या.

रेडिंगकर:
आपणा दोघांचे मनापासून आभार. आम्ही शनिवारी जाऊन आलो. बाबा आधी नुसतेच उभे राहिले, मग कळफलकाच्या वरच्या तांबड्या कळांवरून त्यांनी एकदा बोट फिरवले आणि बसले. नातीकडून प्रोग्रॅम लिहून घेतला. तो चालू असताना तिने कोपऱ्यातली ‘ब्रेक’ची कळ दाबली आणि सगळेच गेले. ती रडवेली झाली. बाबांनी शांतपणे ‘ओल्ड’ एवढे टाइप केले, मग ‘लिस्ट’, आणि तिच्या दोन्ही ओळी जशाच्या तशा परत आल्या. वर्गात मुले दिवसभर ती कळ दाबायची, म्हणून हा शब्द विसरलो नाही, असे ते म्हणाले. त्यानंतर तिने आणखी पाच-सहा वेळा मुद्दाम ‘ब्रेक’ दाबले आणि दर वेळी ‘ओल्ड’ स्वतः टाइप केले. ‘एलिट’चे गणित मात्र परतीच्या वाटेवर गाडीत अर्धेच झाले; उरलेले मुलाने रविवारी वही घेऊन विचारले.