पुन्हा: पुन्हा: लालबागच्या प्रकल्पासाठी पत्र, शुक्रवारपर्यंत!!

मंडळी,
माईंच्या परदेशातल्या नातीच्या अनुदानाच्या अर्जाची मुदत शुक्रवारी संपतेय. तेच ते, तिचं विद्यापीठ आशियातल्या छोट्या अभ्यासांना उन्हाळ्यात पैसे देतं ते. विषय गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका. सगळं तयार आहे, फक्त मुंबईतल्या एखाद्या संस्थेचं पत्र नाही. दादर-परळकडे कुणाची ओळख असेल तर आजच कळवा.
– सचिव

पत्र मिळेल हो. तिच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) आहे ना? मग संशोधनासाठी वेगळी परवानगी लागते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत स्पष्ट आहे : संशोधन, पत्रकारिता, गिर्यारोहण, सगळ्याला. तिकीट त्याआधी काढू नका.
– नाना, पार्ले

नाना, आजीच्या ओळखीच्या बायकांशी चार गप्पा मारायला परवानगी कसली? आमचा धाकटा दोन महिने वह्या भरून आला, त्याला कुणी हटकलं नाही. पोरांना घाबरवू नका.
– बापू

बापू, तुमच्या धाकट्याला कुणी हटकलं नाही म्हणजे परवानगी लागत नाही असं नव्हे. आणि या गप्पा नव्हेत. विद्यापीठाचा पैसा, ध्वनिमुद्रण, वर अहवाल, हे संशोधनच. अर्ज तिकडच्या भारतीय वकिलातीत करता येतो, इथे मुंबईत एफआरआरओकडेही, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या कचेरीत. मी म्हणेन तिकडूनच करा. सहाच आठवडे हातात, त्यातले दोन कचेरीत गेले तर पोरगी काम कधी करणार?
– नाना

अनुदानाचे अर्ज शिष्यवृत्ती समिती पाहते, हे सर्वसाधारण सभेत ठरलं होतं. परस्पर मुंबईत फोन गेले की एकाच ग्रंथालयाला आपल्याकडून तीन पत्रं जातात. कृपया सगळं समितीमार्फत.
– समितीतर्फे

परवानगीचं तुम्ही बघा, मला विषयाबद्दल बोलायचंय. माझे वडील गिरणीत होते, गावाहून एकटे आलेले. महिन्याचे पैसे देऊन चाळीतल्या एका मावशींकडे जेवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पगार थांबले, तरी त्या मावशींनी कित्येकांचं ताट बंद केलं नाही. डॉ. दत्ता सामंतांवर पुष्कळ लिहिलं गेलं, या बायकांची उधारीची वही कुणी पाहिली? १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला. तिला म्हणावं, तिथून सुरुवात कर. आता त्या बायका ऐंशीच्या घरात आहेत, पुढच्या वर्षावर ढकलू नका.
– परळची ताई

ताई, वाचून भरून आलं. माझे मामाही असेच जेवायचे, करी रोडला.
– बापू

एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागारही (जुने सरकारी कागद ठेवतात ते) तिच्या यादीत आहे का? असेल तर विद्यापीठाचं पत्र आणि पासपोर्टची प्रत बरोबर ठेवा. जून अर्धा झाला की पाऊस, तेव्हा लोकांच्या घरी जायचं काम आधी, कागद नंतर. शिवाय मुलाखतींसाठी विद्यापीठाची नीतिसमिती संमतीपत्र मागते. ते मराठीत, मोठ्या अक्षरांत करा. आमच्या भाचीने इंग्रजीत नेलं, कुणी सही करेना.
– दादा, मुलुंड

समितीची हरकत नाही, पण पत्राची प्रत आम्हाला हवी.
– समितीतर्फे

ठरलं तर. पत्र ताईंच्या ओळखीच्या ग्रंथालयाकडून, परवानगीचा अर्ज सोमवारी वकिलातीत. नाना, मसुदा तुम्ही तपासा. माई, तिचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट, आज रात्री पाठवा.
– सचिव

आणि त्या बायकांकडे दुपारी तीन ते पाचच्या मध्येच जायला सांगा. त्याआधी डबे असतात, नंतर संध्याकाळच्या पोळ्या.
– परळची ताई