गोष्टीतला किल्ला खरा हवा की बनावट?

दौलतगंजकर
भाचा दहा वर्षांचा. परवा एक साहसकथा वाचत होता. सुट्टीत ग्वाल्हेरला आलेली मुलं गावातल्या महाराज बाड्यावरून पळत सुटतात ती पाच मिनिटांत किल्ल्यावरच्या मानमंदिर महालात, आणि तिथून भुयारानं थेट नदीवर. पोरानं पुस्तकच मिटलं. "मामा, ह्यांना किल्ल्याच्या उरवाई गेटचा चढ माहीत नाही."
माझं मत: गाव खरंच घ्यावं, आणि घेतलं तर पायाखाली घालून मग लिहावं. काळदुर्ग, वाघदरी असल्या बनावट गावांत लेखकाला हवं तिथे भुयार फुटतं. मग पोरांनी डोकं कशाला चालवायचं? ऑगस्ट १७८० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉपमच्या शिपायांनी रात्री शिड्या लावून आपला किल्ला घेतला, पावलं वाजू नयेत म्हणून जोड्यांत कापूस भरून. हे कुणाला बसल्या जागी सुचलं असतं का?

चिंचेचं पान
कापसाचे जोडे झकास, पण मुद्दा पटला नाही. 'ट्रेझर आयलंड' (१८८३) मधलं बेट कुठे आहे? कुठेच नाही. स्टीव्हन्सननं आधी नकाशा रंगवला, गोष्ट त्यातून निघाली. एकदा नकाशा काढला की टेकडी इथे, खाडी तिथे, लेखकही त्यात अडकतो. तुमच्या त्या लेखकानं तर खरं गाव घेऊनही हवं तिथे भुयार काढलंच की! आळस माणसाचा, जागेचा नव्हे.
शिवाय ओळखीच्या जागेत भीती वाटत नाही हो. किल्ल्यावरच्या सासबहूच्या देवळामागे मला दरोडेखोर दिसणं शक्य नाही. तिथे मावशीनं डबा उघडून पुऱ्या वाढल्यात.

मुरारवाली
मी चिंचेच्या बाजूनं, पण कारण वेगळं. आमच्या बिल्डिंगमधल्या दोघांनी कुठेतरी गंगाजळीबद्दल वाचलं. शिंद्यांचा किल्ल्याच्या तळघरांतला खजिना तो, आणि १८५८ ते १८८६ किल्ला इंग्रजांकडे. पोरांना एवढं पुरे. टॉर्च आणि कुंडीतलं खुरपं घेऊन निघाले. अंधार पडला तरी पत्ता नाही. खरं नाव लिहिलं की पोरं जाणार. नाव तरी बदला.

दौलतगंजकर
ताई, पोरं घराबाहेर पडली, याहून मोठं यश कुठल्या पुस्तकाला मिळतं?

मुरारवाली
यश पुस्तकाचं. गल्लोगल्ली शोधत मी फिरले.

जुना मास्तर
तुम्ही सगळे किल्ल्याजवळ बसून बोलताय म्हणून ही फोड करता येते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा. पुण्याच्या पोराला ते शेजारचं गाव. आम्ही इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलो, आम्हाला फुरसुंगी आणि लंकेतली अशोकवाटिका सारखीच. मला तर ते नाव लेखकानं गमतीखातर बनवलंय असं वाटायचं. पुढे मुलाखतीसाठी पुण्याला गेलो. स्टँडजवळ चहा घेत होतो, समोर बस येऊन थांबली, पाटीवर 'फुरसुंगी'. लोक पिशव्या घेऊन आरामात चढत होते! कंडक्टरनं "चला, चला" केलं. चहा हातात तसाच राहिला. चढलो मात्र नाही. तिथे उतरून काय दिसेल याची धास्ती वाटली.
तेव्हा खरं की बनावट हे लेखकापेक्षा वाचणारा कुठे राहतो त्यावर ठरतं.

चिंचेचं पान
मास्तर, चढला नाहीत! म्हणजे मनातलं बनावट फुरसुंगीच तुम्हाला प्यारं. माझाच मुद्दा झाला.

दौलतगंजकर
कसा काय? गाव खरं होतं म्हणूनच तर बस आली. काळदुर्गची पाटी लावून कुठली बस येणार? पुण्याच्या पोरालाही एकदा असाच झटका बसू दे, ग्वाल्हेरला उतरून 'उरवाई गेट' वाचताना. आपल्या पिढीनं नेहमी त्यांचीच गावं वाचली.

चिंचेचं पान
मग लिहा तुम्हीच. बाडा ते मानमंदिर किती वेळात पोचवणार ते आधी सांगा.

दौलतगंजकर
भाच्याला विचारलं. म्हणतो, वाटेत बेडई खायची असेल तर दीड तास.