विषय: दिवाळीत गावी जाताय? घरच्यांना सीपीआर शिकवून या

नमस्कार मंडळी,

दिवाळीला बरेच जण खान्देशात निघालेत, म्हणून ही कळकळीची विनंती. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत राहणं, आपण इथे कंपनीत शिकतो. पण आई-वडील राहतात तिकडे, यावल-रावेरला, आणि त्यांच्या हाकेच्या अंतरावर असतात पुतण्या, शेजारी, सालदार. शिकायला हवं ते त्यांनी. हृदय बंद पडल्यावर काहीच केलं नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ची गाडी गावात येईपर्यंत, त्यातून केळीच्या मळ्यात यायची असेल तर, किती मिनिटं जातात हे तुम्हीच सांगा. तोवर कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी तळपाय चोळतं. छाती कुणीच दाबत नाही.

---

भाऊ, अगदी खरं. पण आमच्याकडे लोक घाबरतात. बरगडी मोडली तर? आणि माणूस घोरल्यासारखा आवाज करत असेल, तर श्वास चालू आहे असंच सगळे धरून चालतात.

---

ताई, बरगडी मोडू शकते, पण ती पुढे जुळून येते. त्या भीतीने हात आखडू नये. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. हाका मारून, खांदे हलवून माणूस हलत नाही, श्वास नीट चालत नाही, एवढं दिसलं की १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा आणि सुरुवात करायची.

आधी त्याला खाटेवरून जमिनीवर घ्या. खाटेवर दाबलं तर नवारच खाली जाते, छाती दबत नाही. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. माणूस लवकर दमतो, म्हणून दर दोन मिनिटांनी हात बदला. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागला असेल, तर आधी वीज बंद, मगच हात लावायचा.

आणि सुना-मुलींना आवर्जून शिकवा. बाईच्या छातीला हात लावायला पुरुष बिचकतात, त्यात वेळ जातो.

मी यावलला ओट्यावर गल्लीतल्यांना बसवून, घट्ट उशीवर करून दाखवणार आहे. चोपडा, अमळनेर, शहाद्याकडे कोण कोण जातंय, इथेच कळवा.