माहेरच्या पायऱ्यांवरचे उधाणाचे फोटो कुणाच्या कामी येतील का?

शुक्रवारपेठकर:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात हायस्कूलला भूगोल शिकवते. सासर शुक्रवार पेठेत, पंचगंगेपासून पाच मिनिटांवर. माहेर मालवण तालुक्यातलं देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. आमचं घर खाडीकडे आहे. मागच्या दारी जांभ्याच्या सात पायऱ्या पाण्यात उतरतात, आजोबांनी होडी लावायला बांधलेल्या.

२०१६ पासून माहेरी गेले आणि अमावास्या-पौर्णिमा गाठली गेली, की मी उधाणाच्या भरतीचा फोटो काढते. सुरुवात आईमुळे झाली. फोन केला की घरच्या खुशालीआधी ती पाण्याची खबर देते, "आज पाणी वरसून दुसऱ्या पायरेर इला." आमच्या लहानपणी वरच्या दोन पायऱ्यांवर आम्ही कोकमं वाळत घालायचो. आता वरून चौथ्या पायरीच्या कडेला कालवं (दगडाला चिकटणारे शिंपले) धरलीत, हाताला धार लागते. मागच्या विहिरीचं पाणीही उन्हाळ्यात मचूळ लागतं.

समुद्र वाढला तर पाणी कुठवर येईल हे दिसावं म्हणून ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये २००९ साली लोकांना मोठ्या उधाणाचे फोटो काढायला सांगितलं गेलं, पुढे कॅलिफोर्नियातही तसा उपक्रम सुरू झाला, हे वाचल्यापासून माझे फोटो कुणाच्या तरी उपयोगी पडावेत असं फार वाटतंय. रविवारी सगळे एकत्र काढून बसले. एकूण ४१ निघाले. पण काही स्वयंपाकघराच्या दारातून, काही होडीतून, काही पायरीवर उभं राहून काढलेले. सुरुवातीच्या फोटोंत खूण म्हणून एक वाकडा माड धरला होता. तो २०२१ च्या तौक्ते वादळात आडवा झाला.

तर या ४१ फोटोंतले काही कामाचे ठरतील का? आणि इथून पुढे कसे काढू? भावाने वरची पायरी मोजली, उंची साडेसात इंच भरली.

आणखी एक. वर्गात हे फोटो दाखवले तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपण एवढ्या उंचावर. समुद्र वाढला तर आपल्याला काय?" मी ५५० मीटर, सह्याद्री, पाऊस असं काहीबाही सांगितलं, पण तिचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही.

खाडीकाठ (रत्नागिरी):
ताई, फोटो टाकून देऊ नका. पण त्यांतून काय कळेल आणि काय नाही, हे आधी नक्की करा.

समुद्र किती वाढला ते फोटोवरून मोजता येत नाही. जगाची सरासरी धरली तर २००६ ते २०१८ या काळातला वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर. म्हणजे तुमच्या आठ-नऊ वर्षांत साधारण तीन सेंटीमीटर. एक होडी जवळून गेली तरी पाणी त्याहून जास्त हलतं. ते मोजायला भरतीमापक लागतो. मुंबईत अपोलो बंदरची नोंद १८७८ पासूनची आहे, त्या कामाला ती.

फोटो दुसरं सांगतो. भरतीच्या तक्त्यात अमुक उंची दिलेली असताना पाणी प्रत्यक्षात कुठवर पोचलं, विहिरीपर्यंत की दारापर्यंत. भरतीमापकाला तुमची विहीर दिसत नाही. उधाण हा चंद्रसूर्याचा खेळ, त्यातही चंद्र पृथ्वीजवळ असताना अमावास्या-पौर्णिमा आली की पाणी जास्त चढतं. हे पूर्वीही व्हायचं. पण आज उधाणाला बुडणारी पायरी समुद्र थोडा वर आल्यावर साध्या भरतीलाही बुडायला लागेल. उधाणाच्या फोटोत पुढचे दिवस आधी दिसतात ते असे.

तुमच्या पायरीचंच माप घ्या. १९०१ ते २०१८ या काळात जगातला समुद्र सरासरी २० सेंटीमीटर चढला. साडेसात इंच म्हणजे १९. जवळजवळ एक पायरी झाली. ३.७ चा वेग धरला तर पुढची पायरी पन्नास वर्षांत, आणि वेग तर वाढतोच आहे.

फोटो एकाच जागेवरून काढा. सिडनीच्या किनाऱ्यांवर २०१७ पासून कोस्टस्नॅप म्हणून उपक्रम आहे, तिथे फोन ठेवायला स्टीलची खोबणच बसवली आहे. कुणीही यावं, फोन ठेवावा, फोटो काढावा, कोन तोच. तुमच्या गडग्यावर एक सपाट चिरा बसवला तरी पुरे. आणि समुद्राकडून नको, खाडीकडूनच काढा. लाटेमुळे पाणी नेमकं कुठे आहे ते कळत नाही, शिवाय लाटेकडे पाठ करून उभं राहणं जिवावर बेतू शकतं.

गेजवाले काका:
मॅडम, मी पाटबंधारेतनं रिटायर झालोय. नोकरीतली निम्मी वर्षं नदीची पट्टी वाचण्यात गेली, म्हणून बोलतो.

आधी एक सांगा, पायऱ्या खचल्या नसतील कशावरनं? खाली वाळू, वर जांभा. पायरी दोन इंच खाली बसली तर पाणी दोन इंच चढल्यासारखं दिसणार. आमच्याकडं पट्टी हलली तर त्या दिवसापासनंचे सगळे आकडे बाद धरायचो. म्हणून घराच्या जोत्यावर, नाहीतर जवळच्या जुन्या पक्क्या बांधकामावर एक खूण छिन्नीनं कोरून घ्या. रंगानं नको, रंग जातो. प्लंबरची पातळी बघायची पाण्याची नळी असते ना, तिनं त्या खुणेपासनं प्रत्येक पायरी किती खाली आहे ते मोजून वहीत लिहा. दरवर्षी परत मोजा. फरक पडला तर पायरी हलली.

एक पायरी मोजून सातानं गुणू नका. हातानं बांधलेल्या पायऱ्या कधी सारख्या नसतात.

त्या पोरीला माझ्याकडनं सांगा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाबी पाठ आहे. पण ४३ ला तिच्या गल्लीत पाणी कुठल्या उंबऱ्याला लागतं, हे बंधाऱ्यावरच्या माणसाला माहीत नसतं. ते गल्लीला माहीत असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा कुठल्या घरात कुठवर आलं याचे फोटो लोकांच्या मोबाईलमध्ये तसेच पडून आहेत. वेळ आणि फूट लिहिलेले किती निघतील?

तांडेल_मालवण:
ताई, वेळेचं सांगतो. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, त्या सुमाराला भरती पूर्ण. थोडं पुढेमागे होतं, म्हणून अर्धा तास आधी जाऊन बसा. नेमकी वेळ आणि उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यात मिळेल. सगळ्यांत मोठं पाणी पौर्णिमेलाच येतं असं नाही, बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी येतं. दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या नसतात. मोठी रात्रीची असली तर बॅटरी घेऊन जा, दिवसाची सोयीची म्हणून लहान भरती काढू नका.

पावसाळ्यातले फोटो वेगळे ठेवा. तेव्हा कर्लीला वरून नदीचं पाणी येतं. वादळ लांब असलं तरी हवेचा दाब उतरून पाणी फुगतं, वारा ते आत ढकलतो. वारा कुठला होता ते लिहायला विसरू नका.

शुक्रवारपेठकर:
काका, तुमचं वाचून लगेच भावाला फोन लावला. तो नळी घेऊन मागच्या दारी गेला. वरची साडेसात, तिसरी सात आणि खालची, ओहोटीला उघडी पडलेली, जेमतेम सव्वासहा. तीही एका बाजूला कललेली. पायऱ्या खचल्याचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यामुळे कोकमांची आठवण मी आता पुरावा म्हणून सांगणार नाही, आठवण म्हणूनच ठेवते. जोत्याच्या कोपऱ्यावर आडवी खूण कोरायला गवंडी उद्या येतोय.

खाडीकाठ, ४१ पैकी १३ फोटोंत पायऱ्या सरळ दिसतात आणि फोनमधली वेळ शाबूत आहे. तेवढेच जुन्या तक्त्यांशी लावून बघते. त्यातले चार पावसाळ्यातले, ते तांडेलदादा म्हणतात तसे वेगळे ठेवले.

त्या मुलीला आज काकांचं म्हणणं सांगितलं. ती सुतारमळ्याजवळ राहते. म्हणाली, आमच्या दारात विजेचा खांब आहे, २०१९ ला पाणी त्यावरच्या नंबरापर्यंत आलं होतं, फोटो पप्पांच्या जुन्या मोबाईलमध्ये आहे. उद्या तो मोबाईल चार्ज करून आणते म्हणाली. फोटोची वेळ मिळाली तर त्या वेळी बंधाऱ्यावर किती फूट होते हे कुठे बघायला मिळेल, काका?