यूव्ही-५आर वॉकीटॉकी चिर्पला (लॅपटॉपवरून चॅनेल भरायच्या प्रोग्रामला) जोडला की ‘रेडिओ डिड नॉट रिस्पॉन्ड’ येतंय. मित्राची फाइल सरळ टाकू का?

चोपड्याचा वायंडर

राम राम मंडळी. चोपड्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास झालो, व्हीयू३ ने सुरू होणारी कॉलसाइन (रेडिओवरची ओळख) मिळाली आणि पहिला सेट घेतला तो यूव्ही-५आर जातीचा. जातीचा म्हणतो, कारण खोक्यावर नाव दुसरंच आहे, पण बटणं आणि मेनू हुबेहूब तेच.

मला त्यावर अंतराळ स्थानकाचा रिपीटर ऐकायचा आहे. सप्टेंबर २०२० पासून स्थानकावर हा क्रॉसबँड रिपीटर आहे, एका बँडवर ऐकून दुसऱ्यावर परत पाठवणारा: आपण १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झचा टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर) लावून बोलायचं, खाली आवाज ४३७.८०० वर येतो. पुतणी सातवीत आहे, तिला शब्द देऊन बसलोय. पण स्थानक वेगाने फिरतं, त्यामुळे ते येताना ऐकायची फ्रिक्वेन्सी १० किलोहर्ट्झ वर सरकलेली असते आणि जाताना तेवढीच खाली, म्हणून शेजारशेजारचे पाच चॅनेल भरून ठेवावे लागतात. पूर्ण पास, म्हणजे स्थानक डोक्यावरून जाण्याची एक फेरी, मिळून दहाच मिनिटांचा. हाताने भरून पाहिले. एक चॅनेल जमला, पुढचा भरताना टोन सुटला, तिसऱ्याला पाठवायची फ्रिक्वेन्सी चुकली. दोन पास तसेच गेले, गच्चीवर सेट कानाला लावून उभा होतो, एक अक्षर आलं नाही.

म्हणून ऑनलाइन केबल मागवली. लॅपटॉप दुकानातला बिलिंगचा, विंडोज ११. आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण होता. ड्रायव्हर बदलला, त्रिकोण गेला, आता कॉम ४ दिसतो. चिर्पमध्ये मॉडेल निवडलं, पोर्ट निवडला, डाउनलोड (सेटमधलं सगळं लॅपटॉपवर वाचून घेणं) दाबलं की दोन-चार सेकंदांत ‘रेडिओ डिड नॉट रिस्पॉन्ड’. सेटचा दिवा लुकलुकतसुद्धा नाही. यूएसबी पोर्ट बदलला, बॅटरी फुल आहे.

शिरपूरच्या मित्राकडे असाच सेट आहे. तो म्हणतो, माझ्या सेटची फाइल घे आणि सरळ तुझ्या सेटमध्ये अपलोड कर, आधी वाचायची गरज काय? माझं मन घेत नाही. जळालेली मोटार आली की मी आधी जुनी वायंडिंग मोजतो. तारेचा गेज, खाचेतले वेढे, पिच, सगळं वहीत उतरवतो आणि मगच कॉइल तोडतो. न मोजता तोडलेली मोटार परत उभी करणं किती अवघड ते मला ठाऊक आहे. इथेही तसंच आहे का?

तापीकाठ, भुसावळ

भाऊ, अगदी तसंच आहे. मित्राची फाइल टाकू नका.

मी रेल्वेत टेलिकॉमला होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, हॅम त्याच्याही आधीपासून. हे स्वस्त सेट बाहेरून सारखे दिसतात, पण आतला फर्मवेअर, म्हणजे सेट चालवणारा प्रोग्राम, वेगळा असू शकतो. ‘३’ बटण दाबून धरून सेट चालू करा, पडद्यावर फर्मवेअरचा नंबर येतो. मित्रालाही तेच करायला सांगा. नंबर वेगळा आला तर त्याची फाइल तुमच्या सेटसाठी नाही. चॅनेलच हवे असतील तर दोन्ही फाइली चिर्पमध्ये उघडा, त्याच्या ओळी कॉपी करून तुमच्या फाइलमध्ये पेस्ट करा. सेटमध्ये जाणारी मूळ फाइल मात्र त्याच सेटमधून वाचलेली पाहिजे.

आता तुमच्या दुखण्याचं. पोर्ट दिसतोय आणि सेटचा दिवा हलत नाही, म्हणजे मला केबलच्या टोकाचा संशय येतो. तिथे दोन पिना असतात, एक ३.५ मिलिमीटरची, दुसरी २.५ ची. बऱ्याच केबलींच्या त्या प्लगचं प्लॅस्टिक जाड असतं. ते सेटच्या कडेला टेकतं आणि पिना शेवटचा एक मिलिमीटर आत जातच नाहीत. बघताना वाटतं की बसला. अंगठ्याने जोर देऊन दाबा, ‘टक’ असं जाणवलं पाहिजे. जाणवलं नाही तर प्लगची कड पात्याने तासा, सेटला हात लावू नका.

जोडायचा क्रमही पाळा. सेट बंद, प्लग आत, मग सेट चालू, आवाज अर्ध्यावर. आणि शांत फ्रिक्वेन्सीवर ठेवा, वाचताना मध्येच कुणाचं बोलणं आलं तर वाचणं तुटतं.

पांझरा_लिनक्स, धुळे

काकांचं बरोबर आहे, आधी प्लग. तरी ड्रायव्हरचं सांगून ठेवतो. स्वस्त केबलीत यूएसबीचं काम करणाऱ्या पीएल-२३०३ चिपची बहुधा नक्कल असते. विंडोज स्वतःहून नवा ड्रायव्हर बसवतो, तो नक्कल ओळखतो आणि काम करत नाही. तिथे जुना ३.२.०.० लागतो. भाऊ, तुम्ही तो बसवला असेल तरी विंडोज अपडेटनंतर पुन्हा बघा, नवा परत येऊन बसतो. तसं झालं तर ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये जाऊन यादीतून जुना निवडायचा.

मी लिनक्सवर करतो, तिथे ड्रायव्हर शोधावा लागत नाही, फक्त पोर्ट वापरायची परवानगी म्हणून युजरला ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये टाकायचं. माझी केबल सीएच-३४० या दुसऱ्या चिपची आहे. उबुंटू २२.०४ वर पोर्ट दिसायचा आणि लगेच गायब व्हायचा. एक अख्खी रात्र गेली. अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल यंत्रासाठी असलेला ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्राम त्या चिपला आपलंच यंत्र समजून ताब्यात घेत होता. मला त्याची गरज नव्हती, काढला, पोर्ट टिकला.

आता चॅनेल. फ्रिक्वेन्सीच्या रकान्यात ऐकायची: ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५, ४३७.७९०. पाचही ओळींत डुप्लेक्स ‘स्प्लिट’ (ऐकायची आणि पाठवायची वेगळी) आणि ऑफसेटमध्ये पाठवायची पूर्ण फ्रिक्वेन्सी, १४५.९९०. मोड एफएम ठेवा, एनएफएम (अरुंद एफएम) नको. टोन मोडमध्ये फक्त ‘टोन’ निवडा, ‘टीएसक्यूएल’ नाही. टीएसक्यूएल लावलं की सेट समोरूनही तोच टोन येण्याची वाट बघतो, आणि तो आला नाही तर स्पीकर उघडतच नाही. दोन पास मुके गेले म्हणताय ना, हाताने भरताना हेच झालं असावं.

पुतणीच्या हातात सेट द्यायचा असेल तर त्याच पाच ओळी खाली पुन्हा भरा आणि डुप्लेक्स ‘ऑफ’ करा. मग बटण दाबलं तरी सेट बोलत नाही, फक्त ऐकतो.

केळीवाला, रावेर

भो, मधेच विचारतो. माझ्याकडे लायसन नाही. केळीच्या बागेत कापणीच्या टोळीशी बोलायला हेच सेट घेतले तर?

तापीकाठ, भुसावळ

नाही दादा. हे सेट ठेवायलासुद्धा डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याचं) लायसन लागतं, आणि हॅमच्या लायसनवर धंद्याचं बोलणं चालत नाही. तुमच्या कामासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे सेट मिळतात, त्यांना लायसन लागत नाही. फक्त ईटीए (त्याच खात्याची उपकरणाला मिळणारी) मंजुरी असलेलाच घ्या.

चोपड्याचा वायंडर

काका, प्लगच होता. भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं: मोठी पिन आत, पण प्लॅस्टिकची कड सेटच्या खोबणीवर टेकलेली, मध्ये नखाएवढी फट. खाचेत घालायचा इन्सुलेशन कागद ज्या पात्याने कापतो त्याच पात्याने कड तासली. थोडं तासायचं, लावून बघायचं, परत तासायचं. चौथ्या वेळी ‘टक’ झालं आणि डाउनलोड दाबताच दिवा लुकलुकायला लागला. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्यालाही दाखवला.

वाचलेली फाइल हात न लावता तारीख घालून पेनड्राइव्हवर ठेवली आणि दुसऱ्या प्रतीत बदल केले. धुळ्याच्या भाऊंचंही बरोबर निघालं. मी हाताने भरलेल्या चॅनेलवर दोन्हीकडे ६७ होता, म्हणजे टीएसक्यूएल. पाच ओळी स्प्लिटच्या, पाच ऑफच्या, मग अपलोड.

काल संध्याकाळचा पास वायव्येकडून होता, सातपुड्याच्या अंगाने. गच्चीवर गेलो, स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) शून्यावर ठेवला. ४३७.८१० वर आधी नुसती खरखर, मग खरखरीतून एक बाई कॉलसाइन सांगताना ऐकू आली. पुतणीच बटण दाबून खालच्या चॅनेलवर जात होती, मी अँटेना आडवी-तिरकी फिरवत होतो. ४३७.८०० वर आवाज इतका साफ झाला की शेजारच्या गच्चीवरचे लोक कठड्याशी आले. तीन कॉलसाइन तिने वहीत उतरवल्या, एक व्हीयू२ ची, म्हणजे भारतातलीच. ४३७.७९० वर आवाज चिरका होत होत बुडाला. मी बोललो नाही, पहिल्यांदा ऐकायचंच होतं.

शिरपूरचा मित्र रविवारी सेट घेऊन येतोय. ‘३’ दाबून आधी नंबर बघतो, मग त्याचाही सेट वाचून ठेवतो. त्याने अजून एकदाही वाचलेला नाही.